आधी उलटा करून बघा: कोल्हापुरात खेकडा निवडण्यापासून रश्श्यापर्यंत

मासळी बाजारात मावशी खेकडा दाखवते तो पाठ वर करून. सुतळीनं करकचून बांधलेला, काळा-हिरवा, नांग्या एवढाल्या. आपण आकार बघतो, भाव विचारतो आणि पिशवी पुढं करतो. बघायचं असतं ते सगळं मात्र खालच्या अंगाला. नर की मादी, वयात आलाय की पोरसवदा आहे, अंडी धरलीत का, मांस भरलंय की नुसतं पाणी, हे सगळं पोटावर दिसतं. म्हणून पहिली सवय ही: खेकडा हातात आला की उलटा करायचा.

आपल्याकडं समुद्र नाही. पण आंबा, करूळ, फोंडा या घाटांनी कोकणची मासळी रोज वर येते, आणि शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात ओढ्याचा खेकडा आपल्या हक्काचा आहे. या दोन्हींपैकी काय घ्यावं, कधी घ्यावं आणि काय परत टाकावं, म्हणजे पुढच्या पावसातही पातेलं चुलीवर चढेल, त्यासाठी हे लिहितोय. रस्सा शेवटी आहे. घाई असेल त्यांनीही ओढ्याचा भाग वाचल्याशिवाय तिकडं उडी मारू नये, कारण त्यात आरोग्याची एक गोष्ट आहे.

शेवटचे पाय बघा

खेकडा खाऱ्या पाण्याचा की गोड्या, हे ओळखायला विक्रेत्याला विचारायची गरज नाही. पायांची अगदी मागची जोडी बघा. ती वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो पोहणारा, म्हणजे खाडीचा किंवा समुद्राचा. सगळेच पाय टोकदार असतील तर बाजारात तो बहुतेक ओढ्याचा, नदीचा किंवा शेताच्या बांधातला.

खाडीचा खेकडा जाड कवचाचा, मातकट हिरवा ते तपकिरी. कोकणात याला कुर्ली म्हणतात, मुंबईकडं चिंबोरी. तो खाडीतल्या चिखलात आणि कांदळवनाच्या मुळांमध्ये बीळ करून राहतो. आपल्याकडं जिवंत, बांधून येतो तो हाच. समुद्राच्या खेकड्यांत तीन जाती नेहमी दिसतात. एकाच्या पाठीवर तीन लालसर गोल ठिपके असतात, त्याला ओळखायला चूक होतच नाही. दुसऱ्याचा नर निळा, पांढऱ्या नक्षीचा, आणि मादी हिरवट-तपकिरी. दोघं शेजारी ठेवले तर वेगळ्या जाती वाटाव्यात. तिसरा लाल-पिवळसर पट्ट्यांचा, पाठीवर क्रुसासारखी खूण असलेला. हे तिन्ही पाण्याबाहेर फार टिकत नाहीत, म्हणून कोल्हापूरपर्यंत येतात ते बर्फात, मेलेलेच.

पोटावरची झडप

उलटा केल्यावर पोटाला चिकटून दुमडलेली एक झडप दिसते. ती अरुंद, टोकाकडं निमुळती असेल तर नर. रुंद, अर्धगोल, जवळजवळ सगळं पोट झाकणारी असेल तर वयात आलेली मादी. या दोन्हींच्या मधली, त्रिकोणी पण नरापेक्षा रुंद अशी झडप असेल तर ती कोवळी मादी. ती अजून एकदाही व्यालेली नाही, ती परत टोपलीत ठेवा.

रुंद झडप किंचित उचलून बघा. खाली नारिंगी, तपकिरी किंवा काळपट दाण्यांचा घोस लटकलेला असेल तर ती अंडी. रंग जितका गडद, तितकी ती फुटायला आलेली. अशी मादी कुठल्याही पाण्याची असो, घेऊ नये. आपण परत केली म्हणून ती जिवंत समुद्रात जाईल असं नाही, हे मला कळतं. पण गिऱ्हाईक नको म्हणतंय हे दोन-चार वेळा दिसलं की व्यापारी पुढच्या खेपेला तसा माल भरत नाही. मी हे एकाच मावशीकडं वर्षभर केलं. आता मी दिसलो की ती आधीच म्हणते, "तुमचं न्हाई ते दादा, तुम्ही हिकडलं बघा."

आता अवघड भाग. बाहेर अंडी नसलेली, पण आत नारिंगी लाख, म्हणजे अजून पोटाबाहेर न आलेली अंडी, भरलेली मादी. सगळ्यात महाग तीच आणि चवीला वरचढ तीच, यात वाद नाही. पण खाडीच्या खेकड्याची मादी अंडी सोडायला खाडीतून बाहेर, खुल्या समुद्रात जाते. तिची पिल्लं सुरुवातीला पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव असतात, त्यांना समुद्राचंच खारेपण लागतं. लाख भरलेली मादी म्हणजे त्या प्रवासाला निघालेली मादी. एकेक मादी लाखोंनी अंडी घालते आणि त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मोठी होतात. उलट एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून नर खाल्ला तर हिशेब कमी बिघडतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डंजनेस नावाच्या खेकड्याची व्यापारी मासेमारी याच तत्त्वावर चालते: फक्त नर, तोही साधारण १६ सेंटीमीटर रुंदीच्या वरचा, आणि तोही हंगामातच. आपल्या बाजारात असा नियम हातात मोजपट्टी घेऊन कुणी लावत नाही. तो आपणच पिशवी पुढं करताना लावायचा.

मला लाख आवडते. साधूपणाचा आव आणत नाही. पण पाहुणे येणार म्हणून चार भरलेल्या माद्या उचलायचं मी सोडलं, आणि रश्श्याला नरच बरा हे मान्य करायला मला फारसा त्रासही झाला नाही. त्याच्या नांग्यांत मांस जास्त असतं.

खाडीचा खेकडा घेताना

जिवंतच घ्या. डोळ्यांजवळ बोट नेलं की डोळे आत ओढले गेले पाहिजेत, पाय हलले पाहिजेत. लोंबकळणारे पाय आणि तोंडाशी फेस असलेला मरगळलेला खेकडा अर्ध्या भावात मिळाला तरी नको. खेकडा मेला की त्याच्या पोटातले पाचक रस त्याचंच मांस विरघळवू लागतात आणि जंतूंची वाढ झपाट्यानं होते.

भरलेला कसा ओळखायचा? कोकणात आणि आपल्याकडंही सांगतात, अमावास्येचा भरलेला, पौर्णिमेचा पोकळ. मी दोन्ही तिथींना दोन्ही प्रकारचे आणलेत. मांस कमी-जास्त होतं ते मुख्यतः कात टाकण्यामुळं. खेकडा वाढताना जुनं कवच सोडतो, आतून पाणी पिऊन फुगतो आणि नवं कवच मोठं करून घेतो. त्या मोठ्या घरात मांस भरायला दिवस लागतात. तोपर्यंत तो दिसायला मोठा आणि आत पाणी. त्यामुळं चकचकीत, कोऱ्या कवचाचा, बिनओरखड्याचा खेकडा सुंदर दिसला तरी टाळा. मळका, पाठीवर ओरखडे असलेला, नांगीचे दात झिजलेला तो भरलेला. पोटाच्या बाजूनं पायांच्या बुडाशी अंगठ्यानं दाबून बघा. दबला तर पोकळ. आणि हातात धरल्यावर आकारापेक्षा जड लागला पाहिजे.

आकाराचा माझा घरगुती नियम असा की पाव किलोच्या आतला खाडीचा खेकडा घ्यायचा नाही. लहान खेकड्यात सोलायचं काम जास्त आणि खायला कमी, आणि त्याला एकदा तरी प्रजननाची संधी मिळालेली नसते. राज्यानं २०२३ मध्ये मासळीच्या पन्नासहून अधिक जातींना किमान आकार ठरवून दिला. पण तो बंदरावर तपासला जातो, घाट चढून आलेल्या टोपलीवर नाही.

वजन करताना सुतळी बघा. ओल्या, जाड काथ्यात गुंडाळलेल्या खेकड्यात आपण काथ्याचेही पैसे देतो. यावर भांडून उपयोग नाही, पातळ बांधलेला निवडा.

कसा पकडला हेही विचारावं. आमिष बांधलेलं गोल जाळं किंवा पिंजरा असेल तर लहान खेकडा आणि अंडीवाली मादी जिवंत परत सोडता येते. तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यात ती सोय नाही. मावशीला हे माहीत नसलं तरी तिच्या पोराला, जो टेम्पो घेऊन येतो, त्याला माहीत असतं.

"पाळलेला आहे, घ्या बिनधास्त" असंही आता ऐकू येतं. सिंधुदुर्गात खेकडापालन चालतं. पण पालन दोन तऱ्हेचं असतं. एकात उबवणी केंद्रातून बीज आणून वाढवतात. त्याचं मोठं केंद्र तामिळनाडूत सिरकाळीजवळ आहे. दुसऱ्यात खाडीतूनच पकडलेले पोकळ खेकडे काही आठवडे खाऊ घालून भरवतात. दुसऱ्या प्रकारात खेकडा शेवटी खाडीतलाच असतो, फक्त मधे काही दिवस पाहुणचार झालेला. त्यामुळं पाळलेला म्हटल्यावर उलटा करून बघणं थांबवायचं नाही.

समुद्राचा, बर्फातला

यात नियम थोडे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, म्हणून जून-जुलैत बर्फातला समुद्री खेकडा ढिगानं दिसला तर तो जुना गोठवलेला असण्याचीच शक्यता. त्या काळात खाडीचा नर घ्या किंवा खेकडाच नका घेऊ. बाकी महिन्यांत वास घ्या. समुद्राचा वास चालेल, अमोनियाचा नाही. पाय सांध्यातून गळून पडत असतील, झडपेखाली काळपट ओल असेल तर पुढं चला. अंडीवाल्या माद्या या ढिगात सर्रास असतात, म्हणून मूठ भरून न घेता एकेक उचलून उलटा करा. मावशी वैतागेल. वैतागू दे.

ओढ्याचा खेकडा: इथं सगळ्यात जास्त सांभाळायचं

माझं आजोळ गगनबावड्याच्या बाजूला. रोहिणीचा पाऊस पडून गेला की मामा बॅटरी, पोतं आणि मला घेऊन ओढ्याला जायचे. पाणी नुकतं वाहू लागलेलं, दगडांवर खेकडे आलेले. मागून पाठीवर पाय देऊन दाबायचा, दोन बोटांत कवचाच्या कडा धरायच्या आणि पोत्यात. मी एक मोठा उचलला. मामांनी बॅटरी मारली आणि म्हणाले, "आरं, पिल्लंवाली हाय. सोड तिला." उलटा केला तर झडपेखाली वाटाण्याएवढी, पांढरट, पूर्ण घडलेली पिल्लं वळवळत होती. त्यांना पाय, नांग्या सगळं होतं.

ही गोष्ट गोड्या पाण्याच्या खेकड्याला खाडीच्या खेकड्यापासून वेगळं करते. त्याच्या पिल्लांना समुद्र लागत नाही, तरंगणारी अवस्थाच नसते. अंडी थोडी आणि मोठी, लाखांत नव्हे तर फार तर शेकड्यांत. त्यातून थेट छोटे खेकडे बाहेर येतात आणि आईच्या पोटाखाली राहतात. उन्हाळ्याच्या शेवटी मादी बिळात अंडी घेऊन बसलेली असते आणि पावसाच्या पहिल्या पाण्यासोबत पिल्लं सोडायला बाहेर पडते. म्हणजे आपण ज्या रात्री हौसेनं बॅटऱ्या घेऊन निघतो, नेमक्या त्याच रात्री. आणि ओढा रिकामा झाला तर दुसरीकडून पिल्लं वाहत येऊन तो भरत नाही. शेजारच्या ओढ्यातून एखादा खेकडा चालत येईल तेव्हा.

म्हणून पहिल्या पावसाचे पंधरा-वीस दिवस जायचं नाही, किंवा गेलात तर फक्त नर. रुंद झडपेची कुठलीही मादी, पिल्लं दिसोत न दिसोत, खाली ठेवायची. नराची एक नांगी बहुधा दुसरीपेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळं बॅटरीच्या उजेडातही अंदाज येतो. तरी उलटा करायचाच. एका डोहातून चार-पाच काढले की पुढं सरकायचं. दगड उलटला तर परत होता तसा ठेवायचा, कारण त्या दगडाखालचा ओलावा हेच त्याचं घर. बीळ कुदळीनं उकरायचं नाही. उन्हाळ्यात बिळातून खणून काढणं तर अजिबातच नाही, तेव्हा आत बहुधा अंडी धरलेली मादी असते.

नांग्या मोडून घेऊन खेकडा सोडून द्यायचा, म्हणजे तो जगतो आणि नांगी पुन्हा येते, असं काही जण सांगतात. नांगी येते, पण कात टाकत टाकत, हळूहळू. तोपर्यंत त्याला ना नीट खाता येतं ना स्वतःला वाचवता येतं. घ्यायचा तर पूर्ण घ्या.

ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकून, शेतीचं औषध ओतून किंवा तारेनं करंट सोडून खेकडे-मासे काढणारेही आहेत. पाण्यात विष टाकून मासेमारी करायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून मनाई आहे. एवढा जुना कायदा असूनही हे चालतं. रस्त्याकडेला दोरीत ओवलेले खेकडे विकायला बसलेल्या पोराला विचारा, कुठल्या ओढ्याचे आणि हातानं धरलेत का. सगळे एकाच वेळी निपचित असतील, लहान-मोठे सगळेच असतील, तर घेऊ नका. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत पकडणं गुन्हा आहे, तिथं मामांच्या ओळखीचा उपयोग नाही.

सड्यावर, कातळाच्या भोकांत किंवा झाडाच्या ढोलीत इवलासा जांभळा, नारिंगी, पिवळा खेकडा दिसला तर फोटो काढा आणि सोडा. सह्याद्रीतल्या या छोट्या खेकड्यांतल्या कितीतरी जाती शास्त्राला अलीकडेच कळल्यात. २०१६ मध्ये एकाच शोधनिबंधात पाच नव्या जाती नोंदवल्या गेल्या. काही जाती एखाद-दुसऱ्या ठिकाणीच सापडतात. शिवाय खाण्यासारखं त्यात काही नसतं.

आणि हो, खेकडा बांध पोखरतो म्हणून त्याला मारायचा, हा युक्तिवाद मी गावात बराच ऐकलाय. २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, तेव्हाही दोष खेकड्यांवर ढकलला गेला होता. भाताच्या बांधाला भोक पडतं, खरं आहे. ते पायानं दाबून बुजवता येतं.

जागाही महत्त्वाची. घाटमाथ्याच्या ओढ्याचा खेकडा आणि पंचगंगेच्या खालच्या, सांडपाणी मिसळलेल्या पात्रातला खेकडा एक नव्हे. उसाच्या फडातून औषध वाहून येणाऱ्या पाटातला तर नकोच. खेकड्याच्या पोटातल्या पिवळ्या ग्रंथीत अशी घाण साठत जाते.

आरोग्याची गोष्ट ती ही: गोड्या पाण्याच्या खेकड्यात फुफ्फुसात जाणारा एक चपटा जंत असू शकतो. खेकडा कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाल्ला की तो माणसात येतो. खोकला, थुंकीतून रक्त, अगदी टीबीसारखी लक्षणं. मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेशात याचे रुग्ण आढळतात. त्यामुळं खोकल्यावर किंवा अशक्तपणावर खेकड्याचा कच्चा रस कुणी सुचवला तर, सांगणारं माणूस कितीही वडीलधारं असो, नाही म्हणा. चुलीत वरवर भाजलेली नांगीही नको, पोरं हेच करतात. पूर्ण उकळल्यावर धोका राहत नाही.

घरी आणल्यावर

बादलीत नळाचं पाणी भरून त्यात टाकू नका. खाडीचा खेकडा त्या थोड्या, साचलेल्या पाण्यात गुदमरतो. ओल्या पोत्यात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत, गार फरशीवर ठेवा. कल्ले ओले राहिले की दिवसभर सहज तग धरतो. सुतळी सोडायची नाही. बोट धरलं की कळतं का ते.

करायच्या आधी वीस-तीस मिनिटं फ्रीजरमध्ये किंवा भरपूर बर्फात ठेवा. तो सुन्न होतो. मग उलटा करून, झडप उचलून, तिच्या खालच्या खळगीत जाड सुरीचं टोक एकदम दाबायचं, नंतर डोळ्यांच्या मधोमध. जिवंत खेकड्याचे पाय पिरगळून काढायची पद्धत मला बघवत नाही, आणि त्यात तो स्वतःच पाय टाकतो, मांस फाटतं.

मग झडप ओढून काढा, मागून अंगठा घालून पाठीचं कवच उचला. दोन्ही बाजूंना करड्या, मऊ बोटांसारखे कल्ले दिसतील, ते सगळे काढून टाका. डोळ्यांमागची पिशवी, तोंडाचे भाग टाका. खाडीच्या ताज्या खेकड्यातला पिवळा गर ठेवला तरी चालतो. ओढ्याच्या खेकड्यातला काढून टाकावा असं माझं मत. उरलेल्या धडाचे दोन तुकडे, नांग्यांना वरवंट्याचा एकच हलका ठोका, म्हणजे मसाला आत जातो आणि कवचाचा चुरा होत नाही. बारीक पाय वेगळे ठेवा, रस्सा त्यांचाच.

रस्सा

चार माणसांना खाडीचे तीन मध्यम नर, किंवा ओढ्याचे आठ. पायांचे तुकडे थोड्या पाण्यासोबत मिक्सरमध्ये फिरवा आणि बारीक गाळणीतून दोनदा गाळा, दुसऱ्यांदा फडक्यातून. दाताखाली कवच आलं तर सगळी मेहनत वाया. हा गाळलेला रस कच्चा आहे हे विसरू नका: मिक्सर, गाळणी, फडकं, हात लगेच साबणानं धुवा आणि त्याच ओट्यावर कोशिंबीर चिरायला घेऊ नका.

दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं तव्यावर तांबूस भाजा. त्यात चमचाभर तीळ, चमचाभर खसखस भाजून घाला आणि गुळगुळीत वाटा. आलं, आठ-दहा लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर वेगळी वाटा. तेल जरा सढळ घ्या. आधी हिरवं वाटण, मग हळद, मग दोन चमचे घरची कांदा-लसूण चटणी, आच मंद, नाहीतर चटणी करपते. खोबऱ्याचं वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. खेकड्याचे तुकडे, नांग्या घालून पाच मिनिटं हलवा. तीन-चार वाट्या गरम पाणी, मीठ. झाकण ठेवून दहा मिनिटं.

आता गाळलेला रस. एकदम ओतला की त्याचे गोळे होतात आणि रस्सा फाटल्यासारखा दिसतो. आच कमी करून, धार बारीक ठेवून, एका दिशेनं ढवळत घाला. थोडं दाटून वर येतंच, ते बिघडलं असं समजू नका, उलट आमच्या घरी त्यावरूनच भांडणं होतात. मग आच वाढवा आणि रटरट उकळी आल्यापासून किमान दहा मिनिटं शिजू द्या. ओढ्याचा खेकडा असेल तर पंधरा. ही मिनिटं घड्याळ बघूनच मोजा.

कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठणाऱ्यांना खेकडाही चालत नाही, आणि कितीही शिजवला तरी ती अॅलर्जी जात नाही. त्यांच्यासाठी अंड्याचा रस्सा वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीनं.

सोबत तांदळाची भाकरी किंवा आजरा घनसाळचा मऊ भात. नांग्या फोडायला आजीचा अडकित्ता काढा, त्यासारखं हत्यार दुसरं नाही. कवचं धुवून, वाळवून, ठेचून कुंडीत घाला. मिठाची चव राहिली तर मुंग्या येतात आणि रात्री मांजर कुंडी उकरतं.